पूर्वेच्या भिंतीतलं पायताण

आधीच सांगून टाकते — या ग्रुपवर कुणी 'मला पांढऱ्या साडीतली बाई दिसली' असं लिहिलं की खाली हसण्याचे इमोजी टाकणारी, 'डोळे तपासून घ्या' म्हणणारी ती आगाऊ बाई मीच. ज्यांना ज्यांना ते टोचलं असेल त्यांना आज माझ्यावर हसायची पूर्ण मुभा आहे. माझ्या मते भूत म्हणजे अर्धं अपचन आणि अर्धं रिकामं डोकं. अजूनही बऱ्याच बाबतीत मला तसंच वाटतं. पण आमच्या घरातल्या पूर्वेच्या भिंतीबद्दल विचाराल तर... मी गप्प बसते. आणि मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

मी वैशाली. मूळची कोल्हापूरची. इंग्लंडात चौदा वर्षं झाली, नोकरी मिल्टन कीन्सला, आयटीत. नवरा मंदार पुण्याचा, तोही आयटीतच. आम्ही आधी नऊ वर्षं तिथल्याच एका न्यू बिल्ड घरात राहत होतो. सरळ भिंती, डबल ग्लेझिंग, दाराबाहेर राउंडअबाउट. काही म्हणजे काही त्रास नव्हता! पण मला किडा चावला होता दगडी कॉटेजचा. मंदार म्हणत होता, "वैशाली, आपण वरणभात खाणारी माणसं. असल्या घरांचे फोटो काढावेत, त्यांत राहू नये." मी ऐकलं नाही. कधी ऐकते?

तर घर. गावाचं नाव सांगणार नाही, कारण घर अजून तिथेच आहे आणि आम्ही अजून त्यातच आहोत. मिल्टन कीन्सहून उत्तरेला गाडीने अर्धा तास. चुनखडीच्या पिवळट दगडाचं, लिस्टेड, म्हणजे कौन्सिलला विचारल्याशिवाय खिडकीची कडीसुद्धा बदलता येत नाही. भिंती दोन फूट जाड. छपरावर कौलांच्या जागी दगडाच्याच फरश्या, खाली मोठ्या आणि वर चढत जातील तशा लहान लहान. पुढचं दार इतकं बुटकं की मंदारने पहिल्या आठवड्यात तीनदा डोकं आपटून घेतलं. बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला भलीमोठी फायरप्लेस, आत दोन माणसं बसतील एवढी, वर ओकची काळी पडलेली तुळई. चिमणीच्या अंगाने वळत जाणारा अरुंद जिना. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः वेडी झाले होते.

आता चूक कुठे झाली ते सांगते, आणि चूक माझी एकटीची होती.

फायरप्लेसच्या उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा होता. आधीच्या कुणा मालकाने तो सिमेंट भरून बुजवला होता. दगडी भिंतीला सिमेंट चालत नाही, ओल आतच कोंडते, म्हणून ते काढायला आम्ही कॉलिनला बोलावलं. कॉलिन साठीचा गवंडी, फक्त चुन्यात काम करणारा, दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलणार. कोनाडा बघताच माझ्या मनाने घेतलं — देवघर! पूर्वेची भिंत, आयता कोनाडा, तोही दगडी. आणखी काय पाहिजे?

कॉलिनने सिमेंट फोडलं. मागे एक पातळ दगड उभा लावलेला होता, तो त्याने हलवला तर मागे पोकळी, आणि पोकळीत... एक बूट. एकच. डाव्या पायाचा. चामडं वाळून लाकडासारखं कडक झालेलं, तळव्याला अंगठ्याच्या खाली चांगलं बोट जाईल एवढं भोक.

मी म्हटलं, "शी!"

कॉलिनने टोपी काढली. खरंच काढली, हातात धरली. म्हणाला, "जुन्या घरांत सापडतात असे. चिमणीजवळ मुद्दाम ठेवायचे. घराच्या राखणीला. इट स्टेज इन द हाउस, लव्ह. मी परत आत ठेवून दगड लावतो, पुढे तुमचे देव ठेवा."

आता तुम्हीच सांगा. देवांच्या पाठीला कुणाचा तरी घातलेला, झिजलेला, मेलेल्या माणसाचा जोडा? आपल्याकडे देवघराच्या खोलीत चप्पल घालून कुणी पाऊल टाकलं तर आई पाठीत धपाटा घालायची. मी कॉलिनला सांगितलं की पोकळी चुन्याने भरून टाक, बूट मी जपून ठेवते. तो घरी गेल्यावर कॅरिअर बॅग हातात घालून बूट उचलला आणि दारातल्या स्किपमध्ये, म्हणजे भाड्याने आणलेल्या मोठ्या लोखंडी कचरापेटीत, सगळ्या राडारोड्यात फेकून दिला. वर साबणाने तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी स्किप गेला. खोटं बोलल्याचं मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे कबूल करते.

आठवड्याने चुना वाळल्यावर देव मांडले. निरांजन लावलं, विझलं. पुन्हा लावलं, विझलं. रोज. कॉलिन उदबत्ती धरून बघून गेला, धूर सरळ वर जात होता, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मग मंदारची डावी करंगळी दाराच्या दगडी उंबऱ्यावर आपटून मोडली. माझा जिन्यावर पाय मुरगळला. बॉयलर बघायला आलेला माणूस सपाट फरशीवर पडला आणि लंगडत गेला. मी म्हटलं, जुनं घर, फरशी वरखाली, होतं असं. आणि घराला शिव्या घातल्या. मी वस्तूंना शिव्या घालते, प्रिंटरला, गाडीला, तशा घरालाही घातल्या. पण खरं सांगते, त्या खोलीत गेलं की आपण नको असताना आलोय असं वाटायचं. पाहुण्यांच्या घरी दोन माणसं भांडत असताना आपण दारात उभे राहावं, तसं.

जूनमध्ये आप्पा आले. माझे वडील. आई गेल्यापासून एकटे होते, मी मागेच लागले होते. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं ओव्हरसियर, उभा जन्म दगडी पूल आणि सरकारी इमारती बांधण्यात गेला. मधुमेह आहे, पण माणूस ताठ. इंग्लंडला जायचं म्हणून खास नवीन कोल्हापुरी शिवून घेतली होती. म्हणे लंडनच्या रस्त्यावरनं करकर वाजवत फिरणार!

घर बघून आप्पा लहान पोरासारखे खूश झाले. पहिला दिवस भिंतींवरनं हात फिरवण्यातच गेला. "वैशू, काय दगड बसवलाय बघ की! ही भिंत दोन पदरी असती. बाहेरचा दगड, आतला दगड, मधी भराव. आणि हा लांब दगड दोन्हीतनं आरपार जातोय बघ, हा नसला की भिंतीला पोट येतं." दोन दगडांमधल्या दरजांत, म्हणजे सांधींत, कॉलिनने भरलेला चुना त्यांनी नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, "हा गवंडी आपल्यात पाहिजे होता."

पाचव्या दिवशी चहा पिताना अगदी सहज म्हणाले, "पोरी, घर चांगलं आहे. पण घराला मी आवडलेला नाही."

"म्हणजे?"

"दुपारी चिमणीपाशी खुर्चीत बसलो की डावा पाय कोणतरी ओढतंय. जोरात नाही. लहान पोरगं कसं धोतर ओढतं, तसं."

मी म्हटलं, "आप्पा, शुगर तपासा." ते हसले. मीही हसले.

दोन दिवसांनी त्यांच्या मोज्याला रक्त लागलेलं दिसलं. मोजा काढला. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला, गोल जखम. आत बोटाचं पेर मावेल एवढी. आप्पांना काही कळलंसुद्धा नव्हतं, मधुमेहात पाय बधिर होतात. पण आप्पा पाय रोज सकाळी आरशात बघतात, डॉक्टरांनी लावलेली सवय आहे. आदल्या सकाळी तिथे काहीही नव्हतं.

मग हॉस्पिटलच्या फेऱ्या. ड्रेसिंग, अँटिबायोटिक्स, खास मऊ बूट. दहा दिवस झाले, जखम भरायच्या ऐवजी खोल जात होती. फूट क्लिनिकची डॉक्टर चांगली होती, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पुढच्या आठवड्यापर्यंत सुधारणा दिसली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि हाडात गेलं असेल तर पायाचा पुढचा भाग." आप्पांना मी मराठीत नीट सांगितलंच नाही. पण त्यांना इंग्रजी येत होतं ना! गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुलावर चाळीस फुटांवर फळीवरनं चाललोय मी. एकदा पण पाय घसरला नाही." मग पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. मी बोलावलं होतं त्यांना. माझ्या हट्टाच्या घरात. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

आता तो बुधवार. तारीख देत नाही, वेळ देते — दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. मी स्वयंपाकघरात कॉलवर. आप्पा बैठकीत, खुर्चीत, पाय स्टुलावर. फायरप्लेसपासून चांगले सहा फूट लांब, कारण मीच त्यांना आता तिथे बसू देत नव्हते.

आप्पांची हाक आली. "वैशू." मोठी नाही. दबकी. आप्पांचा तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

जाऊन बघते तर त्यांच्या पायाचं बँडेज सुटलेलं. सुटून त्याची पट्टी हवेत, ताठ. स्टुलापासून थेट कोनाड्याखालच्या भिंतीपर्यंत, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी ताणलेली. आणि तिचं दुसरं टोक भिंतीत. दोन दगडांच्या सांधीत. जिथे कॉलिनचा चुना दगडासारखा वाळला होता, नख शिरत नव्हतं, तिथे. पट्टी हळूहळू आत जात होती. आप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले, पाय स्टुलावरून पुढे ओढला जातोय, आणि खुर्ची फरशीवर इंच इंच सरकतेय.

मी देवाचं नाव घेतलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही घेतलं. कोल्हापूरच्या गल्लीत ऐकलेल्या सगळ्या शिव्या त्या भिंतीला घातल्या. "सोड! सोड म्हणते ना, माझ्या बापाचा पाय सोड!" स्वयंपाकघरात धावले, कोथिंबीर कापायची कात्री आणली आणि पट्टी कापली. कापल्याबरोबर भिंतीकडचं टोक सर्रकन आत गेलं. चार बोटं पांढरी पट्टी तेवढी बाहेर लोंबत राहिली. लॅपटॉपवर माझी टीम "वैशाली, आर यू ओके?" विचारत होती.

मंदार तासाभरात आला. त्याने पक्कड लावून ते टोक ओढून पाहिलं. हललं नाही. चुन्याला कुठे तडा नाही, केसभर फट नाही. मंदार म्हणजे प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारा माणूस, पण तो पक्कड हातात घेऊन नुसता खाली बसला. आप्पांना आम्ही त्या खोलीतून उचलून वर नेलं आणि मी कॉलिनला फोन केला.

कॉलिन आला, लोंबणारी पट्टी बघितली. मला एकच प्रश्न विचारला.

"बूट कुठे आहे?"

मी खाली मान घालून सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं "ओह, लव्ह," म्हणाला.

जिन्याच्या वरून आप्पांचा आवाज आला. "कसला बूट?"

मग कॉलिनला घेऊन वर गेले आणि आप्पांना सगळं सांगावं लागलं. पहिल्यांदाच. जसजशी मी सांगत गेले तसे ते लालबुंद होत गेले. "खुळी का काय तू? ओव्हरसियरची पोरगी नव्हं? आपल्या साइटवर स्लॅब पडेपर्यंत बांबूला काय टांगलेलं असतंय? ट्रकच्या मागं काय असतंय? जुनं पायताण! कशासाठी? दृष्ट लागू नये, वाईट ते बाहेरच राहावं म्हणून! शेंबड्या पोराला कळतंय हे. इथल्या जुन्या गवंड्यानं तेच केलं तर तू ते कचऱ्यात टाकलंस? ते काय देवाच्या डोक्यावर ठेवलं होतं? देवाच्या आधीपास्नं राखण करत बसलं होतं ते!"

लहानपणी आप्पांच्या मोटारसायकलवर मागे बसून असली शेकडो पायताणं बघितली होती मी. इथे कौतुकाने दगडाचं घर घेतलं, पण त्या घराची राखण करणारं पायताण तेवढं ओळखलं नाही.

मी कॉलिनला विचारलं की मग आता भिंतीत जे आहे ते बूट परत मागतंय, की बूट ज्याला अडवून होता ते आत आलंय? तो म्हणाला, "कुठलंही असलं तरी जागा रिकामी ठेवू नये." मग म्हणाला की नियम असा आहे, ठेवायचा तो जोडा वापरलेला, झिजलेला हवा. माणसाच्या पायाचा आकार उतरलेला.

कॉलिनचे गावाकडचे उच्चार आप्पांना कळत नव्हते, म्हणून मी मराठीत सांगितलं. आप्पांनी मान हलवली.

"जुनं देणार नाही. जुन्यात माझा पाय आहे, तो मी कुणाला देत नाही." त्यांनी बॅगेतून ती नवीन कोल्हापुरी काढायला लावली. इथल्या गारठ्याने आणि मग जखमेने एकदाही घातली गेली नव्हती. डावी कॉलिनच्या हातात दिली. "त्याला सांग, कोरी आहे. करकर वाजती. ज्याला पाहिजे त्यानं घालावी, स्वतः झिजवावी. माझ्या पायाच्या नादी लागायचं नाही."

त्याच संध्याकाळी, उजेडात, मी कोनाड्यातून देव हलवले, वर अभ्यासिकेत फडताळावर मांडले. मनात त्यांची माफी मागितली, आणि भिंतीचीही मागितली. हो, भिंतीची. कॉलिनने मागची पोकळी मोकळी केली. आत बँडेजची पट्टी कुठे सापडली नाही. चप्पल ठेवली, पातळ दगड लावला, सांधी चुन्याने भरल्या. बाहेर लोंबणारं टोक आता कॉलिनने धरताच सुटून हातात आलं. खाली उतरून आप्पा दारातूनच बघत होते. कॉलिनने त्यांच्याकडे बघून टोपी काढली, आप्पांनी नमस्कार केला.

पुढच्या क्लिनिकला जखमेच्या कडा गुलाबी होत्या. डॉक्टर म्हणाली, अँटिबायोटिक अखेर लागू पडलं. असेलही. मी वाद घातला नाही. ऑगस्ट संपेपर्यंत पाय भरला, आणि सप्टेंबरमध्ये आप्पा स्वतःच्या दोन्ही पायांवर, दहाही बोटांनिशी, विमानात चढले. उरलेली उजवी कोल्हापुरी बरोबर घेऊन गेले.

घर शांत आहे. मैत्री नाही म्हणणार मी. त्या खोलीत अजूनही कुणी पाय हलवत बसत नाही. पण निरांजन वर नीट तेवतं, कुणाचा पाय मुरगळत नाही. फक्त कधीतरी दुपारी, मी कॉलवर असताना, बैठकीतून आवाज येतो. कर्र... मग थोडं थांबून, कर्र... एकाच पायाचा. मी हेडफोन लावते.

आता हे सगळं आज का लिहितेय, तर गेल्या महिन्यात बाहेरच्या बाजूने ओल दिसली म्हणून कॉलिन आला होता. त्याने सांधीत बारीक भोक पाडून, नळीवरचा छोटा कॅमेरा आत घातला. बराच वेळ बघत राहिला. मग मला स्क्रीन दाखवला. चप्पल तिथेच होती, जिथे ठेवली होती तिथे. पण टाच झिजून तिरकी झालेली. पट्टे काळे पडलेले. चामड्यात पाच बोटांचे खड्डे, आणि अंगठ्याच्या खाली, तळव्यापर्यंत पातळ होत गेलेला एक गोल. अजून आरपार भोक नव्हतं. पण फार दिवस राहिलेले नाहीत, हे मला चामड्यातलं काही कळत नसूनही कळलं.

पाणी, उंदीर, बुरशी, चुन्याची उष्णता... मंदारने सगळं लिहून काढलं आणि एकेक करून खोडलं. तुमच्यात कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, हसण्याचे इमोजीसुद्धा चालतील, माझी तक्रार नाही.

आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते उठले, कपाटातून उजवी काढून आणली, कॅमेऱ्यासमोर धरली. कोरी करकरीत. मग थोडा वेळ ती हातात फिरवत बसले.

"मंदार पुढच्या महिन्यात येतोय नव्हं पुण्याला?" ते म्हणाले. "त्याच्याबरोबर एक डावी शिवून पाठवतो."

मी म्हटलं, "आप्पा, दोन डाव्या शिवून घ्या."